किती दारं उघडली

"इंदूताईंशी हवं ते बोल, पण मनातलं बोलू नकोस," पन्ह्याचा ग्लास हातात देता देता शैलाकाकू माझ्या कानाशी आल्या. "त्यांच्या पोटात काही राहत नाही बघ. इथं बोललेलं तिथं सिंहासनासमोर निघतं."

मी हसून मान डोलावली. माझ्या मनातलं चुकून बाहेर पडेल अशी भीती मला नव्हतीच. ते मी नवऱ्याला, अमोघलाही सांगितलं नव्हतं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. लंडनच्या हॅरो भागातली आमची इमारत, सहावा मजला, शैलाकाकूंचं दार आमच्या दारासमोर. गुजराती वाण्याकडच्या कैऱ्यांची आंबेडाळ, हरभऱ्याची ओटी, आणि खोलीच्या टोकाला बाल्कनीचं मोठं काचेचं दार. खाली चेरीची झाडं अशी फुलली होती की वरून पाहिलं तर जमिनीवर गुलाबी ढग उतरलेत असं वाटावं. हे मला इतरांनी सांगितलं. मी त्या दाराकडे पाठ करून बसले होते.

रेवा तीन महिन्यांची होती आणि या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती.

"अगदी बाबांवर गेलीय."

"छे, जिवणी बघा की आईची."

"झोपते का गं रात्रीची?"

"झोपते," मी म्हणाले. खरंच झोपायची ती. मी झोपत नव्हते. त्या दिवसांत जगाच्या कडा विरघळल्या होत्या. बायकांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे, आणि कुणी हाक मारली की ती माझ्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागायचा.

इंदूताई आल्या त्या स्पोर्ट्स शूज आणि लोकरीचा कोट घालून, मागे चाकांची बाजारपिशवी ओढत. ऐंशीच्या पुढच्या, चणीने एवढ्याशा. डॉ. इंदुमती कारखानीस. साठच्या दशकात बडोद्याहून इथे आल्या, जन्मभर लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून सरकारी दवाखान्यांत राबल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, म्हणजे लॉर्ड्समध्ये, नेमण्यात आलं. कागदोपत्री बॅरोनेस. हॅरोतल्या मराठी बायकांत मात्र इंदूताईच.

"तिथं तुम्ही करता काय हो नेमकं?" कुणीतरी विचारलं.

"शंका काढते," आंबेडाळीचा घास घेत त्या म्हणाल्या. "सरकार सांगतं, सगळं झालंय. मी विचारते, कुठं झालंय, दाखवा. घरातली सासू करते तेच. तिथं त्याला लोकशाही म्हणतात."

सगळ्या हसल्या. मग इंदूताई माझ्यासमोर येऊन बसल्या. रेवा तेव्हा शेजारच्या बाईंकडे होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"जेवलीस का गं?"

"हो. मजेत आहे सगळं."

"तब्येत नाही विचारली. जेवण विचारलं."

सकाळपासून काय खाल्लं ते आठवतच नव्हतं.

"आणि इतकी फुलं आहेत खाली, तू पाठ करून का बसलीस?"

"ऊन येतं डोळ्यांवर."

त्यांनी माझ्या खांद्यावरून काचेकडे नजर टाकली. बाहेर आभाळ भरून आलं होतं. माझ्या ताटलीत त्यांनी आणखी डाळ वाढली आणि ती संपेपर्यंत समोरून उठल्या नाहीत.

दोन-तीन दिवसांनी दारावरची घंटा वाजली. दारात इंदूताई. "चल, खाली झाडाखाली बसू. लिफ्टने. बाळाला मी घेते."

खालच्या बाकावर पाकळ्यांचा थर साचला होता. त्यांनी रेवाला कोटाच्या आत घेतलं. इतक्या सराईतपणे, की रेवाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. माझे हात अचानक मोकळे झाले, आणि ते कुठे ठेवावेत ते मला कळेना.

"हेल्थ व्हिजिटर येते ना तुझ्याकडे?"

हेल्थ व्हिजिटर म्हणजे बाळंतपणानंतर घरी येऊन आई आणि बाळ दोघांना पाहून जाणारी नर्स. इथली जुनी पद्धत आहे ती.

"फोन येतो तिचा. बाळ दूध घेतं का, लंगोट किती ओले होतात, तुम्ही कशा आहात. मी म्हणते, छान. ती म्हणते, वंडरफुल."

"मागचा फोन आला तेव्हा घरात कुठं होतीस तू?"

विचित्र प्रश्न होता. पण कुणी विचारलाच नव्हता, म्हणून असेल, मी खरं उत्तर दिलं. "बाथरूममध्ये. दार लावून."

"का?"

"तिथं खिडकी नाही."

एक पाकळी रेवाच्या टोपीवर पडली. मी ती उचलली. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं.

"मला बाल्कनीची भीती वाटते, इंदूताई. पडायची नाही. माझ्या हातांची."

मला वाटलं, आता त्या रेवाला घट्ट धरतील, माझ्यापासून जरा दूर सरकतील. त्या तशाच बसून राहिल्या.

"तुला तसं करायचंय?"

"नाही! नाही हो. म्हणूनच तर मी... तिकडे जातच नाही. ओढणीने दाराची मूठ बांधून ठेवलीय. अमोघला सांगितलंय वारा येतो म्हणून. रात्रभर मी त्या गाठीकडे बघत बसते."

"हं." रेवाला घेऊन त्या डुलू लागल्या. "अशा विचाराला इतकी घाबरणारी आई बाळाची वैरीण नसते, ऋजुता. आजारी असते. बऱ्याच जणी होतात. पण एकटं माणूस किती दिवस पहारा देणार? उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

"नको."

"का नको?"

"मूल काढून नेतात इथं."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. मराठी मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं. कुणा तेलुगू बाईंचं..." मी रेवाला त्यांच्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं. "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

त्यांनी कोट नीट केला. "या गुरुवारी माझा प्रश्न आहे सभागृहात. सरकार म्हणतं, जवळजवळ प्रत्येक नव्या आईला हेल्थ व्हिजिटरची भेट मिळते. मला तो आकडा पटत नाही. माझ्याकडे पुरावा म्हणावा असं काही नाही, नुसता वास येतो. तुझं नाव, गाव, काही न घेता सांगू?"

"हॅरो, सहावा मजला, मराठी बाई. शैलाकाकूंना ओळखायला कितीसा वेळ लागेल?"

"नाव-गाव घेणार नाही म्हटलं ना."

"तरी नको! प्लीज."

"बरं. नाही सांगणार. शब्द देते." त्या उठल्या. "पण मग तूही एक कर. गुरुवारी बघायला ये. वर गॅलरी असते लोकांसाठी. दोन तास बाळ दुसऱ्या कुणाकडे आणि तू खुर्चीत. तेवढं औषध तरी घे."

त्या दिवसापासून शैलाकाकू रोज दुपारी आमच्याकडे येऊन बसू लागल्या. "आमचा टीव्ही बिघडलाय," म्हणाल्या. समोरच्या दारातून त्यांच्या टीव्हीचा आवाज मला स्पष्ट ऐकू यायचा, काका बातम्या बघत असायचे. त्यांना काय सांगितलं गेलं होतं ते मी विचारलं नाही. त्या मालिकेतल्या सुनेला शिव्या घालायच्या, अधूनमधून माझ्यापुढे वाटी सरकवायच्या, आणि मी सोफ्यावर कधी कलंडायचे ते मला कळायचं नाही.

गुरुवारी अमोघने घरून काम घेतलं. रेवाला त्याच्याकडे देताना मी ओढणीची गाठ दोनदा तपासली.

"तू जाऊन ये गं," तो म्हणाला. "पार्लमेंट काय रोज बघायला मिळतं का? आणि ऋजू... तिथं झोपू नकोस हं." त्याला वाटलं, ही सहल आहे.

भुयारी रेल्वेत इंदूताईंनी मला तिथली रीत सांगितली. "आमचा अध्यक्ष कुणाला बोल म्हणत नाही नि कुणाला गप्प बस म्हणत नाही. लोकरीच्या गादीवर बसून असतो बापडा. प्रश्न ज्याचा, त्याला एक उपप्रश्न. मग इतरांची पाळी. दोघं एकदम उभे राहिले तर एकाने बसायचं."

"कोणी, ते कोण सांगतं?"

"लाज सांगते."

गॅलरी उंचावर होती. खाली पाहिलं आणि क्षणभर वाटलं, मला आता कुठे झोप लागली असावी आणि हे स्वप्न आहे. एक लांबट खोली, सगळी लाल आणि सोनेरी. टोकाला कुणीही न बसलेलं सिंहासन. लाल बाकांवर पिकलेली माणसं, आणि त्यांतली कितीतरी मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून बसलेली.

"झोपलेत सगळे," मी शेजारच्या पर्यटक बाईंना कुजबुजले.

"नाही, बाकाच्या पाठीत छोटे स्पीकर आहेत," त्या म्हणाल्या. "कान लावून ऐकतायत."

लाकडाला कान लावून ऐकणारी ती माणसं मला फार आवडली. मी रात्री रेवाच्या पाळण्याला तशीच कान लावून बसत असे.

पहिला प्रश्न नद्यांच्या पाण्याचा होता. एक लालबुंद गृहस्थ उठून म्हणाले, "माय लॉर्ड्स, मी माझा हितसंबंध जाहीर करतो. माझ्याकडे मेंढ्या आहेत, आणि त्या त्या नदीचं पाणी पितात." कुणी हसलं नाही. तिथे तसंच असतं. ज्या विषयावर बोलायचं त्यात आपलं काही गुंतलेलं असेल, पद, पैसा, जमीन, तर ते आधी सांगायचं आणि मग बोलायचं. मेंढ्या असल्या तर मेंढ्या.

मग इंदूताई उभ्या राहिल्या. मधल्या बाकांवर, जिथे कुठल्याच पक्षाची नसलेली माणसं बसतात. वरून त्या आणखीच छोट्या दिसत होत्या.

"माय लॉर्ड्स, माझ्या नावावर असलेला प्रश्न विचारण्याची अनुज्ञा असावी."

मंत्री उठले. तरतरीत, देखणे, आवाज मधासारखा. त्यांनी हातातल्या जाडजूड फोल्डरमधून वाचलं की देशातल्या दहापैकी नऊ नव्या मातांना हेल्थ व्हिजिटरची भेट वेळेत मिळते, आणि सरकारला त्याचा अभिमान आहे.

इंदूताईंचा उपप्रश्न सरळ होता. या भेटींत फोनवर झालेल्या भेटी मोजल्या आहेत काय? आणि फोनमुळे एखाद्या आईचा आजार नजरेतून सुटला, असं सरकारला कुठे आढळलंय का?

मंत्री हसले. वाईट नव्हतं ते हसणं, तेच वाईट होतं. "माय लॉर्ड्स, आमच्या परिचारिका अनुभवी आहेत, आणि साधनं काळाप्रमाणे बदलतात. असं एकही प्रकरण माझ्यासमोर आलेलं नाही. आदरणीय बॅरोनेसना एखादं ठाऊक असेल, तर त्यांनी जरूर सांगावं."

एकही नाही.

मी उभी राहिले होते. कधी, ते मला ठाऊक नाही. हात कठड्यावर होते आणि तोंड उघडलेलं. मला ओरडायचं होतं, आहे, इथे आहे, मी सहाव्या मजल्यावर राहते. आणि त्याच श्वासात दिसत होतं की दोन माणसं आमच्या दाराशी येतील, आणि अमोघ रेवाची दुपटी एका पिशवीत भरत असेल. काळ्या झुलत्या कोटातला, पांढरा टाय लावलेला एक दरवान माझ्याकडे चालत येत होता. तळहात खाली करून, शांतपणे, बसा, बसा.

इंदूताईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. आणि अगदी थोडीशी, नकारार्थी, मान हलवली. मी बसले.

आता इतरांची पाळी होती. सरकारच्याच बाजूचे एक उंच म्हातारे काठी टेकत उठले. लॉर्ड ट्रेमलेट. इंदूताईंनी रेल्वेत त्यांच्याबद्दल सांगितलं होतं, वीस वर्षांत माझं एक मत याला पटलेलं नाही. आणि इंदूताईंनी रीत पाळली नाही. त्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "या बाजूची पाळी!" दुसरं कुणी, "ऑर्डर!" ज्यांनी डोळे मिटले होते त्यांनी उघडले. लोकरीच्या गादीवरचा अध्यक्ष स्वस्थ होता, त्याच्या हातात काही नव्हतं. खोलीच्या मध्यभागी दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत उभी होती, आणि मला वाटलं, आता या बसतील, यांना लाज सांगेल.

लॉर्ड ट्रेमलेट बसले. काठीवर दोन्ही हात ठेवून, सावकाश.

इंदूताई म्हणाल्या, "माय लॉर्ड्स, सभागृहाची क्षमा मागते. मी आधीच माझा हितसंबंध जाहीर करायला हवा होता."

त्या इंग्रजीत बोलत होत्या. मला मात्र ते सगळं मराठीतच ऐकू आलं, आणि आठवतंही मराठीतच.

"मंत्रिमहोदय म्हणतात, एकही प्रकरण नाही. एक आहे. उत्तरेकडचं गिरण्यांचं एक गाव, थंडीचे दिवस. चौथ्या मजल्यावर एक आई आणि तिचं पहिलं बाळ. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला. ती आई स्वतः शिकलेली डॉक्टर होती, म्हणून तिला काही होऊ शकतं असं कुणाला वाटलं नाही. तिला स्वतःलाही नाही. त्या खोलीतल्या एका खिडकीपुढे तिने कपाट ओढून लावलं होतं."



"हेल्थ व्हिजिटर आली. ती आई बंद दाराआडून म्हणाली, आम्ही दोघं छान आहोत, आभारी आहे. तेव्हा फोन असता, तर काम तिथेच संपलं असतं. भेट झाली, अशी नोंद झाली असती. पण ती बाई चार मजले चढून आली होती, आणि तिचे हात गारठले होते. ती म्हणाली, मला जरा शेकू द्या. नाही कसं म्हणणार? दार उघडलं. बाळ स्वच्छ होतं, माय लॉर्ड्स. आई स्वच्छ नव्हती. त्या बाईने खिडकीपुढचं कपाट पाहिलं आणि ती त्या दिवशी परत गेलीच नाही."

कुठेतरी एक कागद सळसळला आणि थांबला.

"ते बाळ आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. आणि ती आई मी आहे. हा माझा हितसंबंध. आता प्रश्न. मंत्रिमहोदयांनी मोजलेल्या भेटींपैकी किती भेटींत कुणीतरी दार उघडलं?"

त्या बसल्या.

मंत्री उठले. फोल्डर उघडलं, पान उलटलं, आणखी एक पान उलटलं. बाजूच्या बाकावरच्या अधिकाऱ्यांकडून एक चिठ्ठी आली, ती त्यांनी वाचली आणि घडी घालून ठेवली. त्यांचा चेहरा बदलला होता. आता ते कुणाचा तरी मुलगा असल्यासारखे दिसत होते.

"माय लॉर्ड्स, आकड्यात... फोनवरचे संपर्क धरलेले आहेत. वेगळी आकडेवारी माझ्याकडे नाही. मी आदरणीय बॅरोनेसना पत्र लिहून कळवीन."

लॉर्ड ट्रेमलेट काठी टेकत पुन्हा उठले. या वेळी दुसरं कुणी उठलं नाही.

"कधीपर्यंत?" ते म्हणाले. एवढंच.

मंत्र्यांनी आपल्याच पक्षाच्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मदत मिळते का बघत होते बहुतेक. मिळाली नाही. "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी," ते म्हणाले. "आणि पत्रात नको, सभागृहासमोर मांडीन. घरी झालेल्या भेटी वेगळ्या आणि फोन वेगळे."

बाकांवरून एक खोल हुंकार उठला. तिथे टाळ्या वाजवत नाहीत.

चहाच्या खोलीत आम्ही खिडकीजवळचं टेबल धरलं. लॉर्ड ट्रेमलेट जाता जाता आमच्या टेबलाशी थांबले.

"तुम्ही मला जागा दिलीत," इंदूताई म्हणाल्या. "वीस वर्षांत पहिल्यांदा."

"माझा प्रश्न मंत्र्यांच्या कचेरीनेच दिला होता, मॅडम," ते म्हणाले. "'सरकारच्या या कामगिरीचं मंत्रिमहोदय अभिनंदन करतील काय?' असा. तो मला उभ्या उभ्याच बेचव लागला." आणि माझ्याकडे बघून मान लववून ते गेले.

आम्ही दोघीच उरलो. खिडकीबाहेर थेम्स राखाडी, संथ वाहत होती. तिच्यावरून एक बोट जात होती, आणि ती हलते आहे की आम्ही, ते सांगता आलं नसतं.

"तुम्ही त्या दिवशी बाकावर मला हे का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगता आलं नाही. शरदला नाही सांगितलं कधी. माझ्या नवऱ्याला. तो गेला तरी नाही. त्याला वाटायचं, ती नर्स प्रेमळ होती म्हणून महिनाभर येत राहिली." त्यांनी चहात साखर घातली, आधी घातली होती तरी. "मी तिथं आकडेच मागायला गेले होते गं. एक उपप्रश्न, खाली बसायचं, घरी जायचं. पण तो म्हणाला, एकही नाही. आणि वर पाहिलं तर तू उभी. म्हटलं, ही पोर आता स्वतःला उघडं पाडणार, आणि मी इथं मेंढ्यावाल्यापेक्षा खोटी ठरणार."

"मी बोलले असते का, मला नाही माहीत."

"उभी राहिलीस ना? मग अर्धं झालं. उरलेलं डॉक्टरसमोर. मी बाहेर बसेन, हवं तर आत बसेन. माझं बाळ कुणी नेलं नाही, ऋजुता. त्या बाईने त्याला एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने मला."

मी रडत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथल्या रंगीत काचांतून येणाऱ्या उजेडात सगळेच चेहरे ओले दिसतात.

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि तो हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

"काय झालं?"

"मुलाला लावते आता. तो टोरांटोला. तिथं सकाळ असेल. हे आज संध्याकाळपर्यंत छापून येईल, मंडळाच्या ग्रुपवर फिरेल. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको." त्यांचं बोट नंबरावर थांबलं होतं. बडोद्याच्या त्या बाईला, जिने आत्ता सिंहासनासमोर एका मंत्र्याला उभं केलं होतं, स्वतःच्या मुलाला फोन लावायचा धीर होत नव्हता. "काय म्हणेल गं तो?"

मी त्यांच्या कोटाची बाही धरून बसले. पलीकडे घंटी वाजत राहिली, आणि मग एका पुरुषाचा झोपाळू आवाज आला, "हॅलो, मम्मा? सगळं ठीक आहे ना?"

"नाही रे," इंदूताई म्हणाल्या. "म्हणजे, आता आहे. तुझ्याजवळ थोडा वेळ आहे का?"

मी उठून खिडकीशी गेले, त्यांना एकटं सोडायला म्हणून. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी एका उंच, उघड्या खिडकीशी उभी आहे आणि नदीकडे बघतेय.

त्या संध्याकाळी मी अमोघला सांगितलं. मग तो उठला, बाल्कनीच्या दारापाशी गेला, ओढणीच्या गाठीवर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, "ही राहू दे. आजपासून पहारा मी देतो. तू झोप." दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आणि इंदूताई डॉक्टरकडे गेलो. मला बरं व्हायला पुढचा चैत्र उजाडला. औषधं होती, दर मंगळवारी घरी येणारी एक जमैकन नर्स होती, जी आधी माझ्याशी बोलायची आणि मग रेवाला उचलायची. रेवाला कुणी नेलं नाही. ती आता स्वतःची वेणी स्वतः घालते आणि मला सांगते, आई, तू फार बघत बसतेस.

मंत्र्यांनी सुट्टीआधी आकडे मांडले. ते चांगले नव्हते. त्यावर पुन्हा प्रश्न आले, पुन्हा उत्तरं आली, तो वेगळा आणि लांबचा विषय आहे. सरकारला विचारणारं कुणी ना कुणी तिथे उभं राहत असतं.

मला तुम्हालाच एक विचारायचंय. तुमच्या माहितीत आत्ता एखादी असेल. मावसबहिणीची सून, खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली, नाहीतर ऑफिसातली, जी बाळंतपणाची रजा घेऊन गेली ती गेलीच. व्हिडिओ कॉल केलात की ती कॅमेरा बाळावर धरते, आणि आपण सगळे बाळ बघतो, हसलं बघा, ओळखतं बघा, आणि फोन ठेवतो. तिचा चेहरा शेवटचा कधी पाहिलात? लांब असेल तर तिला म्हणा, कॅमेरा जरा तुझ्याकडे फिरव. आणि गावातच असेल तर फोन नको. चपला घाला आणि जाऊन या. ती दारातूनच म्हणेल, सगळं छान आहे.

तरी आत जा.